अमेरिकन कॉमिक्स आणि जपानी मांगा : दोन्ही शैली एकाच पानावर कशा नांदवाव्यात?

अरुंधती

नमस्कार. गेली तीन वर्षे मी चित्रकथा काढायला शिकते आहे. आधी अमेरिकन सुपरहीरोंची कॉमिक्स भरपूर वाचली, पुढे मांगाची गोडी लागली आणि आता पेन्सिल हातात घेतली की हात दोन्हीकडे ओढला जातो. सध्या एका बारा पानी कथेवर काम चालू आहे. ती पाहून माझ्या मैत्रिणीने विचारले, की यातले चेहरे एकाने आणि शरीरे दुसऱ्याने काढली आहेत का. तिने सहज विचारले होते, पण ते माझ्या मनात घर करून राहिले, कारण तिचे निरीक्षण अचूक होते.

उदाहरणादाखल चौथे पान सांगते. एक वृद्ध गृहस्थ बऱ्याच वर्षांनी आपल्या बंद घराचे कुलूप उघडतात, एवढाच प्रसंग आहे. त्यांचा कोट, खांदे आणि हात मी ठळक काळ्या सावल्यांनी आणि दाट रेघांनी घडवले आहेत. चेहरा मात्र बारीक, एकसारख्या रेषेचा, मोठ्या डोळ्यांचा आणि सावलीविरहित आहे. त्यामुळे मानेपाशी शिवण घातल्यासारखे दिसते.

माझा प्रश्न असा, की आधी एक शैली पूर्ण आत्मसात करून मग दुसरीकडे वळावे, की दोन्ही बरोबरीने शिकाव्यात? आणि मिसळायचे म्हणजे नेमके काय मिसळायचे?

ठिपका

कागदावर काढता की टॅबलेटवर? आणि कथा रंगीत असणार की काळी-पांढरी? उत्तर या दोन गोष्टींवर बरेच अवलंबून आहे.

अरुंधती

पेन्सिल आणि शाई कागदावर, छटा आणि अक्षरे टॅबलेटवर. रंगाबद्दल अजून काही ठरवलेले नाही.

काळीशाई

दोन शैली मिसळणे म्हणजे भेसळ, असा सूर अनेकदा ऐकू येतो आणि तो मला मुळीच पटत नाही, कारण या दोन्ही परंपरा एकमेकींकडून घेतच वाढल्या आहेत. आधुनिक मांगाचे जनक मानले जाणारे तेझुका ओसामु यांच्यावर डिस्ने आणि फ्लायशर यांच्या अॅनिमेशनपटांचा खोल ठसा होता. आज ज्याला आपण अस्सल मांगाचे डोळे म्हणतो, त्यांचे एक मूळ त्या अमेरिकन पडद्यावर सापडते. उलट दिशेने पाहिले, तर अमेरिकन कॉमिक्सकार फ्रँक मिलर यांनी १९८३ साली 'रोनिन' ही मालिका सुरू केली, तेव्हा मांगाकार कोजिमा गोसेकी यांनी काढलेल्या सामुराई कथांचा प्रभाव त्या पानांवर उघड दिसत होता. पुढे १९८७ पासून त्या सामुराई कथा इंग्रजीत येऊ लागल्या, तेव्हा मुखपृष्ठे काढायला मिलरच होते. मांगाकार इकेगामी र्‍योइची यांनी तर १९७० मध्ये जपानी मासिकासाठी स्पायडर-मॅनच नव्याने रेखाटला होता, आणि मुखवटा तोच असूनही वाचताना येणारी उदासी पूर्ण वेगळी होती.

तेव्हा मिसळण्याबद्दल मनात संकोच नसावा. शिवण का दिसते, एवढेच शोधायचे आहे.

पुनर्वसू

काळीशाई यांनी दिलेला इतिहास बरोबर आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा वाटतो. मिलर जपानकडे वळले, तेव्हा ते आधीच मासिक कॉमिक्समध्ये मुरलेले होते. एका भाषेत घट्ट पाय रोवलेला माणूस दुसरी भाषा बोलू लागतो, तेव्हा त्याला काय बदलते आहे हे कळते. दोन्ही भाषा अर्ध्या येत असतील, तर हाती फक्त लकबी लागतात.

म्हणून माझे मत असे, की किमान वर्षभर तरी शैलीचा विचार बाजूला ठेवून शरीररचना, वस्तूंचे घनाकार आणि यथार्थदर्शन यांवर मेहनत घ्यावी. मांगातला साधा दिसणारा चेहरासुद्धा कवटीवरच बसलेला असतो. मोठा डोळा काढताना बुबुळाचा गोल, त्यावर पडणारी पापणीची कड आणि डोके वळल्यावर पलीकडच्या डोळ्याची कमी होणारी रुंदी, हे ज्याला समजलेले नाही त्याचे पात्र समोरून गोड दिसते आणि तीन-चतुर्थांश कोनात फसते. अरुंधती, तुमची मानेवरची शिवण बहुधा इथलीच आहे. धड तुम्ही घन म्हणून बांधले आहे आणि चेहरा चिन्ह म्हणून चिकटवला आहे.

निबवाली

पुनर्वसू, शरीररचनेबद्दल दुमत नाही, पण ही शिवण मला रेषेची वाटते. अरुंधतीताई, चेहरा आणि कोट तुम्ही एकाच साधनाने काढले का?

अमेरिकन शाईकाम दीर्घकाळ कुंचल्यावर पोसले गेले. दोन किंवा तीन नंबरचा केसाळ कुंचला आणि जोडीला बारीक लवचिक निब, असा तो संसार. सावलीच्या काळ्या भागातून उजेडाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या रेघा ओढायच्या आणि त्यातून गोलाई दाखवायची, ही त्या हाताची सवय. मांगाकार जी-पेन ही शाईत बुडवायची धातूची निब वापरतात. त्या निबवर दाब दिला की दोन्ही पाती फाकतात आणि रेषा जाड होते, दाब काढला की केसाइतकी बारीक होते. गालाची रेषा काढताना हनुवटीपाशी किंचित दाब द्यायचा आणि कानाकडे जाताना हात उचलत न्यायचा. सावलीची एकही रेघ न घालता हनुवटीखालचा भार त्या एका जाड-बारीक रेषेतून जाणवतो. हे मी शंभरदा करून पाहिले आहे आणि अजूनही ती रेषा जमली, की पुढचा सगळा दिवस चांगला जातो.

थोडक्यात, एक रेषा गोलाई सावलीतून सांगते, दुसरी आपल्या जाडीतून. तुमच्या पानावर मानेच्या खाली पहिली आहे आणि वर दुसरी.

अरुंधती

निबवालीताई, अगदी बरोबर. कोट कुंचल्याने काढला आहे आणि चेहरा बारीक फेल्ट टिपच्या पेनने, ज्याची रेषा कितीही दाबली तरी तेवढीच राहते. हे मला आजवर सुचलेच नव्हते.

चौकट

चर्चा रेषेवर स्थिरावण्याआधी एक वेगळा मुद्दा मांडतो, कारण माझ्या मते सर्वांत मोठा फरक डोळ्यांत आणि स्नायूंत नाही, तर पानावरच्या वेळेत आहे.

स्कॉट मॅकक्लाउड यांनी १९९३ च्या 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' या पुस्तकात एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाण्याचे सहा प्रकार सांगितले. त्यांनी मोजून दाखवले, की अमेरिकन कॉमिक्समध्ये एका कृतीतून दुसऱ्या कृतीत जाणाऱ्या उड्या सर्वाधिक असतात. जपानी कामात त्याही असतात, पण जोडीला क्षणामागून क्षण टिपणाऱ्या चौकटी आणि एकाच जागेची निरनिराळी अंगे दाखवणाऱ्या चौकटी कितीतरी जास्त आढळतात. या शेवटच्या प्रकारात काळ पुढे सरकतच नाही, नजर फक्त त्या जागेत फिरते.

आता अरुंधती यांचे कुलूप घ्या. अमेरिकन वळणाने तो प्रसंग दोन चौकटींत संपेल : गृहस्थ किल्ली घालतात, दार उघडते. मांगाच्या वळणाने आधी गंजलेले कुलूप दिसेल, मग उंबरठ्यावर साचलेली वाळकी पाने, मग किल्लीवर थबकलेली बोटे आणि मग नुसती भिंत. दार कदाचित पुढच्या पानावर उघडेल. चेहरा कोणत्याही शैलीत काढा, वाचकाला जाणवणारा श्वास या निवडीतून येतो. माझ्या मते मिसळायची असेल तर ही गोष्ट मिसळावी.

पुनर्वसू

चौकट, मुद्दा मोलाचा आहे, पण नुसती भिंत काढायला पाने लागतात. अमेरिकन मासिक अंक साधारण २० ते २२ पानांत आटोपतो आणि पुढच्या अंकासाठी वाचक महिनाभर थांबतो, त्यामुळे प्रत्येक पानावर काहीतरी घडावेच लागते. जपानी साप्ताहिकात एक प्रकरण १८-२० पानांचेच असते, पण ते दर आठवड्याला येते आणि अशी प्रकरणे एकत्र करून सुमारे २०० पानांचे पुस्तक होते. तिथे भिंतीसाठी जागा आहे. बारा पानांच्या कथेत ती कुठून आणायची?

चौकट

अगदी रास्त प्रश्न. म्हणूनच सगळीकडे संथ राहू नये, एकच जागा निवडावी. बारापैकी दहा पाने झपाट्याने चालवून एका पानावर काळ थांबवला, तर तो थांबणे वाचकाला अंगावर येते. आणि तो थांबा पान उलटण्याच्या जागी आला, तर दुप्पट काम करतो. पान उलटल्यावर काय दिसणार, याचा मांगाकार कच्च्या आराखड्यापासून विचार करतात. तो आराखडा तिथे 'नेमु' म्हणून ओळखला जातो आणि त्यावर संपादकाबरोबर पुन्हा पुन्हा खल होतो. चेहऱ्याच्या जागी नुसता गोल आणि आत दोन टिंबे असतात, पण फुगे आणि संवाद मात्र पूर्ण लिहिलेले असतात. अरुंधती, चौथे पान तुमच्या अंकात डावीकडे येते की उजवीकडे, हे एकदा पाहून घ्या.

ठिपका

पुनर्वसू यांनी पानांची संख्या काढली, त्याला मी छपाईची जोड देतो. आपण ज्याला शैली म्हणतो, त्यातले बरेचसे छपाईच्या गरजेतून आले आहे. अमेरिकन पान रंगीत होणार हे गृहीत असायचे, म्हणून शाईकाम करणारा मोठे काळे भाग टाकून बाकीचे मोकळे सोडायचा आणि उरलेले काम रंगकाराचे. जपानी मासिके स्वस्त कागदावर एकाच शाईत छापली जातात, म्हणून त्वचा, केस, आकाश आणि मनःस्थिती यांतले फरक दाखवायला ठिपक्यांचे स्क्रीनटोन (म्हणजे करडी छटा भासवणारे तयार ठिपक्यांचे पट, थोडक्यात 'टोन'), वेगरेषा आणि फुलापानांचे नक्षीपट आले.

'अकिरा' ही मांगा १९८८ पासून अमेरिकेत आली, ती स्टीव्ह ऑलिफ यांनी संगणकावर दिलेल्या रंगांसह. एकच रेखाटन काळ्या-पांढऱ्यात आणि रंगात कसे बदलते, याचा एवढा चांगला धडा दुसरा नाही. म्हणून अरुंधती, आधी रंगाचे ठरवा. पाने रंगीत करायची असतील तर टोन विसरा. काळी-पांढरी ठेवायची असतील, तर अमेरिकन काळे भाग आणि जपानी टोन यांतले मुख्य काम कोणी करायचे ते ठरवा. दोघांनी एकाच कोटावर सावली टाकली, की कोट चिखलासारखा दिसतो.

रेघोटी

मी अगदी नवी आहे, म्हणून एक साधा प्रश्न. कागद कोणत्या मापाचा घ्यावा? दोन्हीकडची मापे वेगळी आहेत ना?

निबवाली

कागद वेगळे आहेत, पण एक गंमत पाहा. अमेरिकन चित्रकार बहुधा ११×१७ इंची बोर्डावर १०×१५ इंचांत काढतात. जपानी व्यावसायिक मांगाचा कागद बी-४, म्हणजे २५७×३६४ मिलिमीटर, आणि त्यातली मूळ चौकट १८०×२७० मिलिमीटर. दोन्ही आतल्या चौकटींचे प्रमाण तंतोतंत २:३ आहे. म्हणजे एकीकडचा आराखडा दुसरीकडे मोठा-लहान करून जसाच्या तसा बसतो. सरावासाठी कोणत्याही कागदावर २:३ ची चौकट आखा आणि सुरुवात करा.

पानाआड

दिशेचा विषय अजून कोणी काढलेला नाही. जपानी पान उजवीकडून डावीकडे वाचले जाते आणि संवाद उभे लिहिले जातात, म्हणून मूळ फुगे उंच आणि अरुंद असतात. आपले लेखन आडवे. मांगाची पाने पाहून सराव करणारे अनेकजण नकळत उंच फुगे काढतात आणि मग त्यात दोन-दोन शब्दांच्या सात ओळी कोंबतात. देवनागरीत वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय, त्यामुळे ओळींत जास्त अंतर लागते आणि फुगा आणखी लांबतो. आधी अक्षरे लिहून घ्यावीत, मग त्यांच्याभोवती फुगा काढावा, असा माझा आग्रह आहे.

मांगाच्या पानाची मांडणी उचलताना तिची दिशाही बदलावी लागते. सुरुवातीच्या अनेक इंग्रजी आवृत्त्यांत पाने आरशासारखी उलटी छापली जात आणि त्यामुळे उजव्या हाताचे सामुराई डावखुरे होत. तसे आंधळेपणाने उलटवू नये. धावणारे पात्र वाचनाच्या दिशेने धावते की विरुद्ध, यावर वेग जाणवणे अवलंबून असते.

सळसळ

अक्षरांवरून आठवले, आवाजांबद्दलही बोलू या. अमेरिकन कॉमिक्समधले ध्वनिशब्द बहुतेक आघाताचे असतात. जपानीत त्यांच्या जोडीला आवाज नसलेल्या गोष्टींचेही शब्द चित्रात येतात. एकटक पाहण्याला 'जी', नीरव शांततेला 'शीन'. हे वाचून मला वाटले, की आपल्याकडे तर हा खजिना तुडुंब भरलेला आहे. टकमक, लुकलुक, चमचम, सामसूम, चिडीचूप, शुकशुकाट यांतल्या एकालाही आवाज नाही आणि तरी प्रत्येकाला आकार आहे. 'शुकशुकाट' हा शब्द रिकाम्या खोलीच्या जमिनीवर फिकट, लांबट अक्षरांत पसरलेला मला डोळ्यांसमोर दिसतो. परक्या भाषेतला धडाम-धुडुम उचलण्यापेक्षा हे कितीतरी जवळचे आहे.

अरुंधती

सळसळ, हे वाचून मी लगेच कागद पुढे ओढला. गेल्या आठवड्यात चौथे पान पुन्हा काढले, त्याचा वृत्तांत सविस्तर लिहिते.

आधी पान कुठे येते ते पाहिले. ते डावीकडे होते, म्हणजे दार उघडण्याचा क्षण वाचकाला पान उलटल्याबरोबर दिसत होता आणि त्याआधीची प्रतीक्षा कुठेच नव्हती. आता कुलूप तिसऱ्या पानावर, उजवीकडे आणले. तिथे पाच चौकटी आहेत. गंजलेले कुलूप. जुडग्यातली पहिली किल्ली, जी लागत नाही. कोटाच्या बाहीतून बाहेर आलेले थरथरते मनगट. दाराच्या फटीतून दिसणारी काळी उभी रेघ. शेवटच्या अरुंद चौकटीत फक्त डोळे आणि खाली लहान अक्षरांत 'कट्'. पान उलटले, की चौथे पान पूर्ण एका चित्राचे : अंधारी खोली, कुंचल्याने भरलेला काळा रंग, दाराच्या चौकटीत पाठमोरे गृहस्थ आणि जमिनीवर पसरलेला 'शुकशुकाट'.

चेहरा आणि कोट दोन्ही जी-पेनने काढले. कोटावरच्या निमुळत्या रेघा जवळजवळ सगळ्या काढून टाकल्या आणि काळा भाग फक्त काखेत आणि कॉलरखाली ठेवला. कॉलरखालची ती सावली मुद्दाम हनुवटीपर्यंत नेली. शिवण होती तिथेच आता एक सलग काळा आकार आहे, जो अर्धा चेहऱ्याचा आणि अर्धा कोटाचा आहे. मैत्रिणीला दाखवले, तेव्हा तिने माणसाबद्दल एक अक्षरही न काढता विचारले, की आत कोण राहत होते.

काळीशाई

हे वाचून फार आनंद झाला. मैत्रिणीचा हा दुसरा प्रश्न म्हणजे तुमच्या कामाला मिळालेली खरी पावती आहे.

शिवणीबद्दल मात्र एक भर घालतो. जपानी पद्धतीत मुख्य पात्रे बहुधा मांगाकार स्वतः शाईत काढतो आणि पार्श्वभूमी, काळे भाग, टोन हे काम सहायकांकडे असते. म्हणून साधा चेहरा आणि त्यामागे वीट न् वीट मोजून काढलेली इमारत, हे तिथे नेहमीचे आहे. अमेरिकेत पेन्सिल एकाची, शाई दुसऱ्याची, रंग तिसऱ्याचा आणि अक्षरे चौथ्याची. म्हणजे अनेक हात दोन्हीकडे आहेत. मांगात जोड पात्र आणि जागा यांच्यामध्ये येतो, आणि वाचक त्या साध्या चेहऱ्यातून स्वतःच त्या जागेत शिरतो. तुमच्या जुन्या पानावर तो एकाच माणसाच्या मध्यावर आला होता.

पुनर्वसू

पान पाहिलेले नसले, तरी वर्णनावरून मी माझे मत थोडे बदलतो. आधी एकच शैली पूर्ण शिकावी असे मी म्हटले होते. आता म्हणेन, की एका कथेपुरता एकच हात ठरवावा. पुढच्या कथेसाठी तो बदलायला हरकत नाही. शरीररचनेचा सराव मात्र सोडू नका. ते थरथरते मनगट जमले असेल, तर ते तुम्ही पूर्वी काढलेल्या शेकडो मनगटांमुळे जमले आहे.

रेघोटी

मग सरावासाठी कुणाच्या पानांची नक्कल करावी का?

चौकट

अवश्य करावी, पण तयार चित्राची करण्याआधी मांडणीची करावी. आवडते अमेरिकन पान घ्या, त्यातल्या घटना एका कागदावर वाक्यांत लिहा, मूळ पान मिटून ठेवा आणि तेच प्रसंग मांगाच्या गतीने तीन छोट्या आराखड्यांत मांडा. मग एक मांगाचे पान घेऊन उलट करा : त्याच्या पाच शांत चौकटी एका चौकटीत आणून पाहा. काय वगळावे लागले आणि वगळल्यावर काय मेले, हे दहाच मिनिटांत कळते. हा सराव स्वतःच्या वहीसाठी आहे, प्रकाशनासाठी नाही, एवढे भान ठेवावे.

अरुंधती

पुनर्वसू, तुमचा 'एका कथेपुरता एक हात' हा सल्ला मी घेते आहे. कथा काळी-पांढरीच ठेवणार आहे आणि बाराची चौदा पाने झाली आहेत. काळे भाग कुंचल्याने, रेषा जी-पेनने आणि टोन फक्त आठवणींच्या प्रसंगांत, असे ठरवले आहे. ठिपका, टोन टॅबलेटवर टाकताना एक अडचण येते. पान लहान करून छापले, की ठिपक्यांत जाळीसारखे पट्टे उमटतात. यावर उपाय काय?

ठिपका

टोन मोठ्या पानावर टाकून नंतर पूर्ण पान लहान केल्यामुळे ते पट्टे येतात. रेखाटन आधी छपाईच्या मापात आणा, ६०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ६०० बिंदू) निव्वळ काळे-पांढरे करा, करडी छटा अजिबात राहू देऊ नका आणि टोन अगदी शेवटी त्याच मापावर टाका. ६० लाइनच्या टोनपासून सुरुवात करा, म्हणजे एका इंचात ठिपक्यांच्या साठ ओळी. एका टोनवर दुसरा चढवू नका. एक पान छापून हातात घेऊन पाहा आणि मगच बाकीच्या तेरा पानांना हात लावा.